कारेगावची नळी

मंडळी, सगळ्यांना जय भीम, रामराम.

या शाळेच्या पटांगणात एवढी माणसं मी झेंडावंदनालासुद्धा पाहिली न्हाईत. पुण्याहून साहेब आलेत, मॅडमचे मालक. नदीपलीकडून, शिरूरच्या अंगानं, धनगरवाड्यांवरची माणसं आलीत. बायाबापड्या कामं टाकून आल्यात. मॅडमना हे आवडलं नसतं. ‘कामाच्या वेळी कशाला जमलात’ असंच म्हणाल्या असत्या.

मला बोलायची सवय न्हाई. हा माइक मी बोलायला कमी आन् आधाराला जास्त धरलाय.

ज्यांना म्हाईत न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. मी बबन गायकवाड. इथलाच, खुटबावच्या बौद्धवस्तीतला. डॉक्टर सुनंदा केळशीकर मॅडम पुण्याच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होत्या. जनावरांच्या अंगातले विषाणू, आन् ते एका जनावराचे दुसऱ्याला पोचवणारे डास, चिलटं, गोचीड, हा त्यांचा जन्माचा अभ्यास. मी त्यांच्याकडं चिलटं धरायला होतो. अजूनबी हाय. कागदावर माझ्या हुद्द्याला मोठं नाव हाय. गाव मला चिलटपकड्या म्हणतं. म्हणू द्या, पोट त्याच्यावरच भरलं.

माझ्या आधी सगळे चांगलं बोलले. सरपंच म्हणाले, मॅडम म्हंजी या गावाची लेक. सरपंच, तुमचा मान राखून सांगतो, याच पटांगणात या लेकीला तुम्ही काय काय बोलला होता ते मी या कानांनी ऐकलंय. तुम्हीबी विसरला नसाल. पण खाली बघू नका. तुमचा दोष थोडा हाय. माझा मोठा हाय. तोच सांगायला मी उभा हाय.

पुढच्या रांगेत गेनबा आप्पा बसलेत. आप्पांना कोण ओळखत न्हाई? दर साली पाऊस सरला की शिरूरकडनं नदी उतरून मेंढरं घेऊन येतात. आपण त्यांना रान दाखवतो, त्यांचा कळप रानात बसतो, रानाला खत मिळतं, त्यांना धान्य मिळतं. बापजाद्यापासनं चाललंय.

आप्पा, मी बोलणार सगळ्यांसमोर हाय, पण बोलणार तुमच्याशी हाय. एक गोष्ट मी तुमच्यापासनं लई वर्षं लपवली. मॅडमनी मला सांगितलं होतं, ती तुम्हाला सांग. मी सांगितली न्हाई. आता मॅडम गेल्या. आज सांगितली न्हाई तर मी कवाच सांगणार न्हाई. मी माझ्या स्वभावाला ओळखतो.

मला मधी थांबवू नका. थांबलो तर मी बसून घेईन.

त्या साली शिरूरकडच्या कळपांत एक रोग दिसायला लागला होता. मेंढराला ताप. मग तोंड सुजायचं, ओठ लोंबायचे, लाळ गळायची. खूर दुखायचे, मेंढरू गुडघ्यावर चालायचं. काहींची जीभ निळी पडायची. लोकांनी नाही नाही ते सांगितलं. कुणी म्हणे विषारी चारा. कुणी म्हणे करणी. कुणी म्हणे कंपन्यांचं पाणी. मॅडम म्हणाल्या, हा विषाणू हाय आन् तो चिलटं पसरवतात. मोहरीच्या दाण्यापेक्षा बारीक चिलट. लोक हसले. मीबी हसलो होतो, पाठीमागं.

मॅडमनी मला दिव्याचा सापळा शिकवला. बारका बल्ब, त्याच्याखाली पंखा, खाली जाळीची पिशवी, आन् बॅटरी. दिवस बुडता बुडता जनावराजवळ टांगायचा. चिलटं उजेडाला येतात, पंखा आत ओढतो. सकाळी ती नळीत भरायची, नळी नायट्रोजनच्या टाकीत. टाकी उघडली की पांढरा धूर. आन् नळीवर चिकटपट्टी, पट्टीवर पेन्सिलीनं गाव, जागा, तारीख.

मॅडम म्हणाल्या होत्या, ‘बबनराव, चिलटाला आपण विचारू शकत नाही, बाबा तू कुठलं. तुम्ही पट्टीवर लिहाल तेच त्याचं गाव. पुढं मी कितीही हुशारी केली तरी तुमच्या पेन्सिलीच्या पुढं मला काही दिसणार नाही.’

मला बबनराव म्हणणारी ती पहिली बाई. गावात मला राव कुणी म्हणलं नव्हतं.

मॅडमना दोन जागची चिलटं पाहिजे होती. एक आपल्या खुटबावची. ती मी पाटाच्या कडेला, गोठ्यांपासनं लांब बांधलेल्या शेळ्यांजवळ सापळा लावून आधीच दिली होती. दुसरी कारेगावची. तिथं आप्पांचा वाडा, म्हंजी मेंढरांचा तळ, उतरला होता, कंपन्यांच्या पलीकडच्या माळावर. मॅडमनी तिथी धरून दिली, अमावास्या. चांदणं असलं की चिलटं बल्बकडं ढुंकून बघत न्हाईत. काळोख पाहिजे. आन् ती अमावास्या होती सर्वपित्रीची.

आता माझं घर. त्या साली भिंती उभ्या होत्या, वर काय न्हाई. आम्ही चार माणसं ताडपत्रीखाली. स्लॅब टाकायचा तर माल कालवायचं मशीन मिळंना, मिस्त्री मिळंना, सगळीकडं कामं चाललेली. मग पितृपंधरवडा लागला. तुम्हाला ठाऊक हाय, पंधरवड्यात कुणी बांधकामाला हात लावत न्हाई. सर्वपित्रीला तर न्हाईच न्हाई. सगळी मशीनं उभी. मिस्त्री घरी बसलेले. आम्ही बौद्ध माणसं, तिथी-मुहूर्त पाहत न्हाई. मिस्त्री म्हणाला, ‘बबन, त्या दिवशी टाकतोस का? मशीन मोकळं हाय. पुन्हा दिवाळीपर्यंत मिळायचं न्हाई.’

मी व्हय म्हणलो. मनात हिशेब केला, दुपारपर्यंत स्लॅब उरकंल, तीनच्या एस्टीनं शिक्रापूर, तिथनं ट्रकवाल्याला हात करून कारेगाव, दिवस बुडायच्या आत सापळा टांगू. स्लॅबचं काम कवा उरकतं? ज्यांनी घरं बांधलीत त्यांना म्हाईत हाय. एकदा माल पडायला लागला की मधी सोडून जाता येत न्हाई. तीन वाजले, चार वाजले. साडेपाचला शेवटची पाटी वर गेली. एस्टी कवाच गेलेली.

मी सापळा उचलला आन् माझ्याच गोठ्यात टांगला. माझ्या दोन गाईंच्या डोक्यावर. म्हणलं, चिलट ते चिलट. इथलं काय न् तिथलं काय.

सकाळी पिशवी भरून चिलटं. नळीत घातली. पट्टी लावली. पेन्सिलीनं लिहिलं, ‘कारेगाव, मेंढवाडा’. खाली अमावास्येची तारीख.

आप्पा, लोक सांगतात खोटं लिहिताना हात थरथरतो. माझा थरथरला न्हाई. सहज लिहिलं. मला तेच जास्त लागतं.

हे माझं पहिलं खोटं. इथंच थांबलं असतं तर कदाचित मी आज उभा राहिलो नसतो.

तीन-चार आठवडे गेले. आपल्या चौकातल्या एस्टीडीच्या दुकानात माझ्या नावानं फोन आला. मॅडम होत्या. आवाज घाईचा. म्हणाल्या, ‘कारेगावच्या नळीत विषाणू मिळाला. खुटबावची नळी स्वच्छ आहे. गेनबा आप्पांचा कळप अजून चांगला आहे ना? मग तो तिथून हलवला पाहिजे. त्यांना नदी उतरून खुटबावला यायला सांगा. आजच जा.’

मंडळी, तवा सांगायची वेळ होती. एक वाक्य होतं. ‘मॅडम, ती नळी माझ्या गोठ्यातली हाय.’ एवढंच. मी म्हणलो, ‘व्हय मॅडम, जातो.’

आन् गेलो. त्या मोसमात कारेगावच्या वाड्यावर मी पहिल्यांदा गेलो तो असा, निरोप घेऊन. आप्पा, तुम्ही दगडावर बसून सूत कातत होता. मी निरोप सांगितला. तुम्ही ऐकलं. मग विचारलं, ‘बबन, तू इथं सापळा कवा लावला? मी तर पाह्यला न्हाई.’

मी म्हणलो, ‘अमावास्येला.’

तुम्ही म्हणालात, ‘सर्वपित्रीला आमचा वाडा हलत न्हाई. मी दिसभर हितंच व्हतो.’

मी म्हणलो, ‘तुम्ही मेंढरांकडं असाल.’

तुम्ही माझ्याकडं बघितलं. आन् म्हणालात, ‘असंल बाबा. वय झालं. ध्यानात ऱ्हात न्हाई.’

ध्यानात राहत न्हाई? कळपातल्या एकेका मेंढराची आजी कोण होती ते सांगणारा माणूस तो. माझं खोटं खरं व्हावं म्हणून त्यानं दोष आपल्या डोक्यावर घेतला. हे दुसरं खोटं, आप्पा. पहिलं नळीवर लिहिलं होतं. दुसरं तुमच्या तोंडावर बोललो.

चार दिवसांनी कळप नदी उतरून आला. आन् उतरला कुठं? माझ्या गोठ्याच्या मागच्या रानात. रानाच्या मालकानं तेच रान मेंढरं बसवायला दिलं होतं. दिवस कलायला तुमच्या सुनांनी मेखा ठोकल्या, जाळी ताणली, मेंढरं आत घेतली. माझा गोठा आन् ती जाळी, मधी एक बांध. गोठ्याच्या मागं शेण-मुताचा चिखल. त्याच्यावर चिलटांचा थवा. रोज बघत होतो तो थवा मी, धंदाच होता माझा.

मी बांधावर गेलो. सांगायलाच गेलो होतो. तुम्ही म्हणालात, ‘ये बबन, च्या घे.’ मी चहा घेतला. तुमची नातवंडं अंगाखांद्यावर खेळली. मी मनाला समजावलं, मॅडमना कळत असंलच काहीतरी. एका नळीनं काय होतंय. मी घरी आलो. नव्या स्लॅबखाली झोपलो.

सात-आठ दिवसांत पहिल्या मेंढराचं तोंड सुजलं.

पुढचं तुम्हा सगळ्यांना ठाऊक हाय. मी मोजून सांगत न्हाई किती गेली. आप्पा मेंढरं मोजत न्हाईत, ओळखतात. काळतोंडी गेली, बोरी गेली. पहिल्या वेताच्या कितीतरी गेल्या. ज्या जगल्या त्यांना तोंडानं खाता येईना. मॅडम आल्या, आन् कळप सावरस्तवर पुण्याला परतल्याच न्हाईत. कळप तिथनं उचलला, वर खडकाळ माळावर नेला, गाईगुरांपासनं लांब. दिवस बुडायच्या आधी लिंबाच्या पाल्याचा धूर. आन् ज्वारीची पातळ पेज करून एकेका मेंढराला हातानं पाजली. शास्त्रज्ञ बाई. साडीला लाळ, पेज, लेंड्या. साहेब, तुम्ही तवा दोनदा गाडी पाठवली होती. दोन्ही वेळा रिकामी परत आली. मी तिथंच होतो.

मीबी पेज पाजली. रात्रंदिवस पाजली. आप्पा, तुम्ही सगळ्या वाड्यांवर सांगत फिरलात, ‘बबननं आमची मेंढरं वाचवली, सख्ख्या भावानं केलं नसतं.’ पुढच्या साली तुम्ही मला घोंगडं पाठवलं. तुमच्या हातच्या सुताचं. आजवर मी ते अंगावर घेतलं न्हाई. बायको विचारती का. आज कळंल तिला.

आता मॅडमना कसं कळलं ते सांगतो.

चिलटाच्या पोटात रक्त असतं, ते कुठल्या जनावराचं हे तपासता येतं. मॅडमनी कारेगावच्या नळीतली उरलेली चिलटं तपासली. पोटात गाईचं रक्त. मला विचारलं, ‘बबनराव, आप्पांच्या वाड्यावर गाय होती का?’

मी म्हणलो, ‘असंल एखादी.’

मॅडम दुसऱ्या दिवशी एकट्याच कारेगावला जाऊन आल्या; तिथं वाड्यावर ना गाय कुणी पाहिली होती, ना सापळा. तिथनं आल्या त्या थेट माझ्या घरी. बायकोनं खुर्ची टाकली. मॅडमनी वर बघितलं. म्हणाल्या, ‘छान झाला स्लॅब. कधी टाकला?’

आमची शकुंतला. घराचं कौतुक तिला. म्हणाली, ‘मॅडम, सर्वपित्रीच्या अमावास्येला टाकला. सगळं गाव भितं त्या दिवसाला, आम्ही न्हाई मानत. मशीन मोकळं मिळालं. सकाळपासनं दिवस बुडस्तवर चाललं. हे तर हितनं हलले न्हाईत, जेवलेसुदीक न्हाईत.’

शकू, तुझी काही चूक न्हाई. तू खरं तेच सांगितलंस. त्या घरात त्या दिवशी खरं बोलणारी तू एकटीच होतीस.

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. उठल्या. गोठ्यात गेल्या. गाईंच्या पाठीवरनं हात फिरवला. मागचा चिखल बघितला. बांधापलीकडं, जाळी काढलेलं रान बघितलं. मी मागं उभा. मला वाटलं आता थोबाडीत मारतील. मारली असती तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, ‘आज इथं सापळा लावा. पट्टी मी लिहीन.’

त्या नळीतबी विषाणू निघाला. मग त्यांनी मला समोर बसवून समजावलं. गाईच्या अंगात हा विषाणू बिनबोभाट राहतो. गाय आजारी दिसत न्हाई, दूध देती, रवंथ करती. चिलट गाईला चावतं, मग मेंढराला चावतं, आन् मरतं ते मेंढरू. म्हंजी मेंढरांनी रोग आपल्या गावात आणला न्हाई. आपल्या गोठ्यांनी तो मेंढरांना दिला. माझ्या एका पट्टीनं हे सगळं उलटं झालं होतं. चांगला कळप आम्ही बोलावून आणून रोगाच्या दारात बांधला.

त्या पाठोपाठ या पटांगणात सभा झाली. सरपंच, आठवतंय? गाव म्हणत होतं, बाईनं रोगट मेंढरं आमच्यात आणली. धनगर म्हणत होते, बाईच्या शब्दावर आलो आन् बुडालो. दोन्हीकडनं लाठ्या होत्या. मधी मॅडम. मी त्या कडुलिंबाखाली उभा. माझं नाव आता निघंल, मग निघंल.

मॅडमनी खरं ते सांगितलं. रोग इथल्या गोठ्यांत हाय, मेंढरांनी आणला न्हाई. लोक खवळले. ‘परवा कारेगाव म्हणत होतीस, आज आमचं गाव म्हणतीस. कुणी लिहिलं होतं कारेगाव?’

एवढ्या गलक्यात त्या म्हणाल्या, ‘नळीवर गाव कुणी लिहिलं ते मी सांगणार नाही. अहवालाखाली सही माझी आहे. मी न तपासता सही केली. आप्पा, तुमचा कळप माझ्या शब्दावर आला. मी तुमची माफी मागते.’

आन् आप्पांच्या पुढं वाकल्या. या मातीत. सगळ्यांनी बघितलं. तरी शिव्या थांबल्या न्हाईत. त्या दिवशी कुणाच्या तोंडात काय काय आलं ते आज बोलायचं न्हाई. मी तोंड उघडलं न्हाई. शिव्या माझ्या होत्या, त्या त्यांनी खाल्ल्या.

तिकडं पुण्यात त्यांची चौकशी झाली. आधीचा अहवाल त्यांना मागं घ्यावा लागला. लई दिवस बाहेरगावचं काम दिलं न्हाई, टेबलावर बसवून ठेवलं. जिला गोठ्याबिगर करमत न्हाई तिला टेबल. माझं काय झालं? काही न्हाई. माझी नोकरी राहिली.

सभेनंतर त्यांना जीपपर्यंत सोडायला गेलो. म्हणलं, मॅडम, माझं नाव का घेतलं न्हाई? त्या म्हणाल्या, ‘तुमचं नाव घेतलं असतं तर तिथं कुणी बबन म्हणालं नसतं. वस्तीवाल्यांनी केलं म्हणाले असते. लाठ्या वस्तीकडं वळल्या असत्या. ते मला नको होतं.’ मग म्हणाल्या, ‘पण हे आजच्यापुरतं. माझी माफी मी मागितली. तुमची मला मागता येत नाही. ती तुम्ही मागायची. राग शांत झाला की आप्पांकडं जा.’

मी म्हणलो, ‘जातो मॅडम.’

राग तर पुढच्याच साली शांत झाला. सगळ्यांना पटलं. गोठ्यामागचे चिखल आपण उपसले, मेंढरं माळावर बसवायला लागलो, रोग कमी झाला. गाव मॅडमना मानायला लागलं. आप्पा आले. मी गेलो न्हाई. त्याच्या पुढच्या साली आले. मी गेलो, चहा घेतला, परत आलो. मनात म्हणायचो, मी बोललो तर वस्तीला त्रास होईल. मॅडमनी जे वस्तीला वाचवायला केलं, त्याची मी माझ्यासाठी ढाल केली. वस्तीला कुणी हात लावणार नव्हतं तवासुद्धा. मला भ्या होतं ते एकाच गोष्टीचं. आप्पा मला ‘ये बबन’ म्हणायचे थांबतील.

दर साली मोसम संपला की मॅडम विचारायच्या. ओरडून न्हाई. नळ्या मोजता मोजता. ‘सांगितलंत का?’ मी म्हणायचो, ‘न्हाई अजून.’ त्या म्हणायच्या, ‘बरं.’ आन् पुढची नळी उचलायच्या.

गेल्या महिन्यात साहेबांच्या मोबाइलवरनं फोन आला. मॅडम दवाखान्यात होत्या. आवाज बारीक झाला होता. तब्येत विचारली, तर म्हणाल्या, ते राहू दे. म्हणाल्या, ‘आप्पा आले का नदी उतरून?’

म्हणलं, ‘यायचेत, चार-आठ दिवसांत.’

‘यंदा सांगा, बबनराव.’

मी म्हणलो, ‘व्हय मॅडम.’

त्या म्हणाल्या, ‘बरं.’

आप्पा आले त्याच दिवशी मी जायला पाहिजे होतं. गेलो न्हाई. चौथ्या दिवशी निरोप आला, मॅडम गेल्या. त्यांना ‘सांगितलं’ म्हणायचं माझं राहून गेलं. ते आता कायमचं राहिलं.

तर झालं सांगून. कारेगावची नळी कारेगावची नव्हती. ती माझ्या गोठ्यातली होती. पट्टी मी लिहिली होती. आप्पा, तुमचा कळप मॅडमच्या शब्दावर न्हाई, माझ्या खोट्यावर आला. काळतोंडी, बोरी, सगळ्या माझ्यामुळं गेल्या. मी तुमची मेंढरं वाचवली न्हाईत. मी त्यांना मारायला बोलावून आणलं, आन् मग पेज पाजली.

गावाला एक विनंती हाय. शिव्या द्यायच्या तर बबन गायकवाडला द्या. माझं घर शाळेच्या मागं हाय, सगळ्यांना ठाऊक हाय. वस्तीचं नाव घेऊ नका. वस्तीतल्या कुणालाच हे म्हाईत नव्हतं, माझ्या बायकोलासुद्धा न्हाई. ऑफिसातले साहेब लोक इथं बसलेत. उद्या त्यांना जे करायचं असंल ते त्यांनी करावं. मी न्हाई म्हणणार न्हाई.

आप्पा, तुम्ही उठू नका. मी पाया पडायला तुमच्याकडं येणार न्हाई. पाया पडलो की तुम्ही मला उचलून घ्याल, मला म्हाईत हाय तुम्ही कसे हायसा. तसं सोपं मला नको. तुम्ही तुमचा वेळ घ्या.

मंडळी, आता सगळे उभं राहा. दोन मिनिटं गप्प राहायचं. ती दोन मिनिटं मॅडमची. त्यांच्यासाठी कुणी डोळे मिटा, कुणी उघडे ठेवा, मनात जे असंल ते म्हणा.

आन् दोन मिनिटं झाली की कुणी बोलायचं न्हाई. सरपंच न्हाई, मी न्हाई. पहिला शब्द आप्पांचा. तो जो असंल तो. मी इथंच उभा हाय.